काटा आणि काटक

वाचकाच्या एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात दिवाळी अंक असताना चरबी उतरवण्याविषयी लिहिणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना माझ्या अवेळी बोलण्याची आता सवय झाली असेल, आणि नव्या वाचकांनी ती करून घ्यावी. शिवाय यंदाचा विषय दिवाळीतच काढायला हवा. होळीला काढला तर त्याचा काही उपयोग नाही. तो का, हे शेवटी सांगतो.

मी मराठीचा अध्यापक. माझा आणि व्यायामाचा संबंध रोज सकाळच्या फिरण्यापुरता. परंतु मराठीच्या माणसाला रिकामा वेळ पुष्कळ असतो, असा आमच्या प्राचार्यांचा जुना समज आहे. त्यामुळे कॉलेजच्या जिमखाना समितीवर गेली आठ-दहा वर्षे माझे नाव न चुकता पडते. आमचे कॉलेज कृष्णाकाठचे. आसपासच्या प्रत्येक खेड्यात एखादी तालीम, तालमीत लाल माती आणि मातीत दोन-चार होतकरू पोरे. समितीच्या निमित्ताने ही पोरे जवळून पाहता आली, आणि त्यांच्यामुळे आपल्याच भाषेतले काही शब्द मला नव्याने कळले.

'शरीर कमावणे' हाच प्रयोग घ्या. आपण पैसा कमावतो, नाव कमावतो, कातडे कमावतो आणि शरीरही कमावतो. जे कमवायचे ते एका रात्रीत मिळत नाही, हे त्या क्रियापदातच आले. आता उलटी बाजू पाहा. माणसाचे वजन घटले म्हणजे आपण नेहमी एकच शब्द वापरत नाही. आजारातून उठलेला माणूस 'खंगलेला' असतो. काळजीने माणूस 'झुरतो'. उपासाने 'वाळतो'. उन्हातान्हात पाण्यावाचून राबलेले पोर 'सुकते'. आणि ज्याच्या अंगावर चरबी नाही, पण ताकद आणि चिवटपणा भरपूर आहे, त्याला आपण 'काटक' म्हणतो. वजनाच्या काट्याला मात्र यातले काहीच कळत नाही. खंगलेला, वाळलेला, सुकलेला आणि काटक हे चारही जण त्याला सारखेच. तो फक्त आकडा सांगतो. कोणाच्या अंगातून काय गेले, चरबी गेली, मांस गेले की नुसते पाणी गेले, हे तो सांगत नाही. आजच्या साऱ्या लेखाचे सार एवढेच आहे. पण ते न कळल्यामुळे तरण्याबांड मुलांचे काय होते, ते मी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मल्ल होता. त्याचे नाव सांगत नाही. अंगाने भरलेला, कान पिळवटलेले, स्वभावाने गाईसारखा. वजन ७१ किलो. विद्यापीठाच्या स्पर्धा जवळ आल्या. सरळ हिशेबाने त्याने ७० किलोच्या गटात उतरायचे. एक किलो काय, सहज उतरले असते. पण त्या गटात आमच्याच कॉलेजचा दुसरा, त्याच्याहून वरचढ मल्ल होता. तेव्हा त्याच्या वस्तादांनी ठरवले की, याने ६५ किलोत खेळावे. स्पर्धेला उरले होते पाच दिवस.

त्या आठवड्यात तो वर्गात येई तो अंगावर काळा प्लॅस्टिकचा कोट चढवूनच. खिशात रुमाल, आणि दर मिनिटाला त्यात थुंकणे. प्रथम मला वाटले, तंबाखू. मी त्याला उभे करून उतारा वाचायला सांगितला, तर हळूच म्हणाला, "सर, जिभेला कोरड पडलीया. आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा." थुंकून थुंकून तोळा-तोळा वजन उतरवणे चालले होते! त्याच संध्याकाळी त्याची आई काही कामाने गावात आली होती, ती कॉलेजच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, "सर, पोरगं पार सुकलंया बघा. तुम्ही तरी सांगा की त्याला." त्या माउलीने शब्द किती नेमका वापरला होता, हे मला पुढे हिशेब मांडल्यावर उमगले.

तो हिशेब असा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. सहा किलो चरबी जाळायची तर ४६,२०० कॅलरी खर्ची पडल्या पाहिजेत. दणकट मल्ल कडक मेहनतीच्या दिवशी ३,५०० कॅलरी खर्च करतो असे धरू. पाच दिवस त्याने अन्नाचा कणही तोंडात घातला नाही असे समजले, तरी हा खर्च १७,५०० च्या वर जात नाही. म्हणजे सगळी भट्टी निव्वळ चरबीवर चालली असती तरीदेखील सव्वादोन किलोच. मग उरलेले पावणेचार किलो कोठून आले? काही आतड्यातल्या अन्नाचे. ते रिकामे झाले की वजन घटते. काही स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचे. या साठ्याला शास्त्रज्ञ ग्लायकोजेन म्हणतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की ते पाणीही जाते. आणि बाकीचे सगळे घाम, थुंकी, लघवी. म्हणजे पोरगे खरोखरीच 'सुकले' होते. जी साखर कुस्तीत झटापटीला लागते आणि जे पाणी रक्त वाहते ठेवते, ती दोन्ही काढून देऊन त्याने ६५ हा आकडा विकत घेतला होता.

स्पर्धेच्या सकाळी काटा बरोबर ६५ वर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली कुस्ती त्याने मारली. दुसऱ्या कुस्तीत अर्ध्या वाटेवर पोटऱ्यांना गोळे आले आणि ज्याला त्याने एरवी उचलून टाकले असते, त्या मुलाकडून तो गुणांवर हरला. रात्र दवाखान्यात सलाइनच्या बाटलीखाली गेली. वस्ताद उशाशी बसून होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः तरुणपणी हेच केले होते आणि त्यांच्या वस्तादांनीही.

ही रीत केवळ खेड्यातल्या तालमीतली आहे असे कोणी समजू नये. सगळ्या देशाने ती पॅरिसला पाहिली. ६ ऑगस्ट २०२४ या एका दिवसात विनेश फोगाटने ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यांतली पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर. आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर न हरलेली ती मुलगी. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी होती, आणि नियमाप्रमाणे सकाळी पुन्हा वजन व्हायचे होते. विनेशचा नेहमीचा गट ५३ किलोचा. पण त्या गटातली भारताची जागा अंतिम पंघालने मिळवलेली होती, म्हणून ती ५० त उतरली होती. दिवसभराच्या कुस्त्यांनंतर थोडे खाणे-पिणे झाले आणि वजन वर आले. मग रात्रभर अन्न-पाणी बंद, घाम काढणे, शेवटी केसही कापले. ७ ऑगस्टच्या सकाळी काट्याने १०० ग्रॅम जास्त दाखवले. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. तेवढ्यासाठी ती स्पर्धेतूनच बाद झाली, आणि क्रीडा लवादाकडे केलेली तक्रारही १४ ऑगस्टला फेटाळली गेली. तिच्या जिद्दीविषयी मला आदरच आहे. मात्र आमच्या वर्गातल्या पोराचे आणि तिचे दुखणे एकच होते: वरच्या गटात जागा नाही, म्हणून खालच्या गटात शरीर कोंबायचे.

त्याच आठवड्यात अमन सेहरावतने ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. उपांत्य फेरीनंतर त्याला सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवावे लागले आणि ते उतरले, असे वर्तमानपत्रांतून आले. पुष्कळांनी त्याचा चमत्कार म्हणून गौरव केला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याच मल्लाचे वजन १.७ किलो जास्त भरले आणि त्याला एकही कुस्ती न खेळता परतावे लागले. काटा एकदा पावला म्हणजे दरवेळी पावतोच असे नाही.

पदक हुकणे ही तरी लहान किंमत म्हणायची. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत सुमारे महिनाभरात तीन कॉलेजकुमार मल्ल वजन उतरवताना मेले. तिघेही वाफ बाहेर जाऊ न देणारे कपडे घालून उष्ण जागेत मेहनत करीत होते. शरीर घामानेच थंड होते. तो घाम अडवला आणि वरून पाणी तोडले तर रक्त दाटते, ताप चढतो, आणि हृदय थांबू शकते. त्यानंतर तिथल्या कॉलेजांनी असे कोट आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या. हंगामापूर्वी मुलाची लघवी तपासून त्याच्या अंगात पुरेसे पाणी आहे ना, हे पाहायचे. मग चरबीचे प्रमाण मोजायचे. पुरुष मल्लाची चरबी ५ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट त्याला द्यायचाच नाही. आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट मान्य करायची नाही, असे नियम आले. तीन पोरांचे प्राण गेल्यावर आले, पण आले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे गावोगाव मुली आता मातीत उतरत आहेत, ही मोठी आनंदाची गोष्ट. पण मेहनत वाढवून खाणे सतत तोडले तर मुलीची मासिक पाळी अनियमित होते, कधी बंदच पडते, आणि त्यापाठोपाठ हाडे कच्ची होतात. 'वजन कमी झाले, बरे झाले' म्हणून याकडे डोळेझाक होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या दुखण्याला स्वतंत्र नाव देऊन ते मुलांनाही होते असे सांगितले. पाळी चुकली तर ती मेहनतीची खूण नव्हे, खाणे अपुरे पडल्याची खूण आहे. आईने किंवा शिक्षिकेने मुलीला डॉक्टरकडे न्यावे.

मग मल्लाने वजन उतरवूच नये काय? जरूर उतरवावे. पण पाणी नव्हे, चरबी. आणि तीही मांस राखून. याला तीन गोष्टी लागतात: वेळ, ताकदीची मेहनत आणि योग्य खुराक.

वेळेची गोष्ट नॉर्वेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार छान दिसते. चोवीस खेळाडूंचे दोन गट केले. दोघांनाही वजन घटवायचे होते आणि दोघांनीही आठवड्याला चार वेळा ताकदीचा व्यायाम केला. एका गटाने आठवड्याला वजनाच्या सुमारे ०.७ टक्के घट केली, दुसऱ्याने दुप्पट वेगाने. शेवटी दोघांचेही वजन जवळजवळ सारखेच, साडेपाच टक्क्यांनी उतरले. काट्याच्या दृष्टीने दोन्ही गट पास! पण आत पाहिले तर सावकाश चाललेल्यांची चरबी जास्त गेली होती आणि चरबी वगळता उरलेले अंग दोन टक्क्यांनी वाढले होते. घाई करणाऱ्यांचे अंग होते तिथेच राहिले.

ताकदीची मेहनत म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे थोडा घोटाळा आहे. वजन उतरवायचे म्हटले की वस्ताद जोर-बैठकांची संख्या वाढवतात आणि रस्त्यावर पळायला लावतात. हजार बैठकांनी दम वाढतो, चिवटपणा येतो, यात शंका नाही. पण ताकद वाढते ती ओझे वाढवल्याने. जे ओझे पाच-सहा वेळांहून जास्त उचलवत नाही, ते उचलावे. ते सोपे झाले की थोडे वाढवावे. मध्ये विसावा घ्यावा. आणि असे आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे. हे काही विलायतेहून आलेले गुपित नाही. आपल्या तालमीत दगडी नाल लहान-मोठ्या असत, गदा आणि मुद्गल चढत्या वजनाचे असत, ते कशासाठी? बडोद्याच्या मुजुमदारांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' काढून खंडामागून खंडांत हे भांडार भरून ठेवले आहे. आमच्या कॉलेजच्या कपाटात तो आहे आणि मराठीचे विद्यार्थी सोडून कोणीही उघडावा अशी माझी विनंती आहे. तात्पर्य, खाणे कमी केलेल्या काळात ओझे कमी करू नये. शरीर काटकसरी आहे. जे अंग कामाला लागत नाही ते ते मोडीत काढते. स्नायूला रोजचे जड काम असले म्हणजे ते त्याला हात न लावता चरबीकडे वळते.

आता खुराक. मल्लाचा खुराक म्हटला की डोळ्यांपुढे दूध, तूप, बदाम आणि थंडाई येते. पहाटे आणि संध्याकाळी तास-तासभर घाम गाळणाऱ्याला हे पचते आणि लागतेही. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, कुस्ती सुटते पण खुराक सुटत नाही. मग छातीवरचे वैभव हळूहळू पोटावर उतरते. दुसरा, वजन घटवताना आधी दूध-अंडी तोडतात आणि तूप मात्र ताकदीचे म्हणून ठेवतात. हे अगदी उलटे आहे. १०० ग्रॅम तुपात जवळजवळ ९०० कॅलरी आणि प्रथिने जवळपास शून्य. बदाम गुणी खरे, पण १०० ग्रॅमला ५८० च्या आसपास कॅलरी. मूठभर ठीक, वाटीभर नव्हे. मांस राखते ते प्रथिन. कडक मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम पुरेसे. म्हणजे ७० किलोच्या मल्लाला ११२ ते १५४ ग्रॅम.

एवढ्याने घाबरून डबाबंद पावडरीच्या दुकानाकडे धाव घेण्याचे कारण नाही. लिटरभर दुधात ३२ ग्रॅम, चार अंड्यांत २४, १०० ग्रॅम हरभऱ्याच्या उसळीत २०, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, वाटीभर वरणाच्या ५० ग्रॅम डाळीत ११, आणि दिवसाच्या भाकऱ्यांना लागणाऱ्या पावकिलोभर ज्वारीत २० च्या वर. झाले १२० च्या आसपास! ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांचे काम आणखी सोपे. यातले बहुतेक शेतकऱ्याच्या घरात असते. फक्त पुष्कळदा दूध डेअरीला जाते आणि अंडी बाजाराला. कमी करायचे ते तूप, तळण, साखर आणि सरबते. भाकरी एकदम तोडू नये. मेहनतीपुढे तीच सरपण असते. आणि पाणी कधीच तोडू नये. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दम आणि अवधान कमी पडू लागते.

आमच्या कॉलेजजवळच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचे गाव. १९४८ साली लंडनला खाशाबा ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. आम्हा प्राध्यापक मंडळींना ती अधूनमधून आठवणे बरे. पण एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. हेलसिंकीला खाशाबा उतरले ते ५७ किलोच्या गटात, म्हणजे चार वर्षांपूर्वीपेक्षा एक गट वर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ज्याच्यासारखे दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, ते वरच्या गटात मिळालेले आहे. ते केवळ वजनामुळे मिळाले असे मी म्हणणार नाही. त्यात त्यांची चपळाई आणि अपार मेहनत होती. पण वरच्या गटात जाणे म्हणजे हार पत्करणे नव्हे, हे सांगायला कऱ्हाडच्या मातीत याहून चांगला दाखला कुठला हवा?

आमचा तो मल्ल पुढच्या वर्षी ७० त खेळला. वरचढ मुलगा तोवर पदवी घेऊन गेला होता. यावेळी जिमखान्याच्या बैठकीत मी एक ठराव मांडून घेतला होता, तो असा की, कुस्तीचे गट दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ठरावेत आणि नंतर बदलू नयेत. मुलाचे वजन सुट्टीत ७३ वर गेले होते. आठ आठवड्यांत ते ७० वर आले. तूप गेले, दूध राहिले, जड मेहनत राहिली, वर्गात रुमाल दिसला नाही. तो तिसरा आला. वस्ताद मला म्हणाले, "सर, पोरगं शेवटच्या मिनिटालाही ताजं होतं." त्यानंतर त्यांच्या तालमीत काळा कोट मी पाहिलेला नाही.

तेव्हा हा विषय दिवाळीत का, ते आता लक्षात आले असेल. कॉलेजच्या स्पर्धा हिवाळ्यात, जत्रांचे फड त्यानंतर. आजपासून आठ आठवडे धरले आणि आठवड्याला अर्धा किलो, तर चार किलो चरबी सुखाने उतरते, ताकद न गमावता. चार किलोपेक्षा जास्त उतरवावे लागत असेल तर तो गट आपला नव्हे, वरचा आपला. स्पर्धेला पाच दिवस उरल्यावर हा हिशेब कोणालाही मांडता येत नाही.

ज्यांच्या घरी असा एखादा मल्ल आहे, त्यांनी भाऊबीज झाली की त्याला काट्यावर उभे करावे, आकडा भिंतीवर लिहावा आणि वस्तादांना गट विचारून घ्यावा. तोवर त्याला चकली खुशाल खाऊ द्या. चार दिवसांच्या फराळाने कोणी पैलवान बिघडलेला मी पाहिला नाही; चार दिवसांच्या उपासाने बिघडलेला पाहिला आहे.